दाजीपूरची जीप सफारी: पहाटे किनाऱ्यावरून निघून रात्री घरी

किनारपट्टीवर जंगल सफारीचा विषय निघाला की गप्पा ताडोब्यापर्यंत जातात आणि रजेपाशी येऊन अडतात. मालवण, देवगड, कणकवली, वेंगुर्ला या भागातल्या माणसाला एवढं लांब जायची गरज नाही. फोंडाघाट चढला की माथ्यावर दाजीपूर आहे, राधानगरी अभयारण्याचं आपल्या बाजूचं दार. कणकवलीहून सव्वा तास, मालवणहून अडीच. पहाटे निघून रात्री जेवायला घरी पोचता येतं. दिवस मात्र लांबलचक होतो, आणि तो फसतो तेव्हा जंगलात फसत नाही, आदल्या दिवशी फोनवरच फसलेला असतो.

कोल्हापूर संस्थानाचं हे जुनं शिकारीचं रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, पुढे वाढत जाऊन आज राधानगरी अभयारण्याचं क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली, त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि हे राधानगरी.

इथला धनी गवा. आपण गवारेडा म्हणतो खरं, पण रेड्यापेक्षा त्याचं नातं गाईबैलांशी जवळचं. भरलेला नर खांद्याशी सहा फुटांपर्यंत जातो आणि वजन आठशे-हजार किलोच्या घरात. त्याशिवाय सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर, शेकरू, अस्वल, बिबट्या, कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे. वाघ या पट्ट्यातून ये-जा करतो, पण तो दिसेल या आशेवर कुणी गाडी भरू नये. आणखी एक गोष्ट मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना घरीच सांगून ठेवा: कोकणात कुणी 'वाघ बघितला' म्हणालं तर तो बहुतेक वेळा बिबट्या असतो. नाहीतर गाईड 'काल इकडे वाघ होता' म्हणतो आणि दिवसभर सगळे पट्टे शोधत बसतात.

ताडोब्याशी तुलना करायची तर एवढीच, की तिकडे झाडांमधून लांबवर दिसतं, इथे दिसत नाही. निमसदाहरित दाट रान, खाली कारवी, वर जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन. रस्त्याच्या कडेला दहा-पंधरा पावलांपलीकडे नजर पोचत नाही. जनावर दिसतं ते तीन जागी: सड्याच्या म्हणजे उघड्या कातळ-पठाराच्या कडेला, पाणवठ्यावर आणि रस्ता ओलांडताना. म्हणून इथली सफारी किती किलोमीटर झाली यावर मोजू नये. जीपचं इंजिन किती वेळ बंद होतं, हा खरा हिशेब. पुढची सगळी आखणी तेवढ्यासाठीच आहे.

कधी जायचं

पावसाळ्यात सफारी बंद असते. पाऊस सरल्यावर रस्ता पाहून ती सुरू होते, त्यामुळे तारीख दरवर्षी पुढेमागे होते. विचारल्याशिवाय दिवाळीच्या सुट्टीत घाट चढू नका.

नोव्हेंबर ते जानेवारी रान सुंदर असतं, हवा थंड, पक्षी भरपूर. पण पाणी सगळीकडे असतं, गवत उंच असतं, जनावरं पांगलेली असतात. या दिवसांत तीन तासांत एकही गवा दिसला नाही तर त्यात गाईडचा दोष नाही. मार्च-एप्रिलपासून ओहोळ आटतात आणि कळप पाणवठ्यांभोवती फिरू लागतात. गवे बघायचे असतील तर हेच दिवस. सगळ्यांत चांगला काळ त्याहून आखूड असतो: वळवाचे एक-दोन चांगले पाऊस पडून सड्यावर कोवळा हिरवा चारा फुटतो ते दहा-पंधरा दिवस. तेव्हा गवे उजेडातही उघड्यावर येतात. पण हाच मे महिना चाकरमान्यांच्या सुट्टीचा, म्हणून शनिवार-रविवार टाळून मधला वार धरा. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर मचाणांवरून प्राणी मोजतात. त्याच्या आगेमागे जायचं असेल तर सफारी चालू आहे का, हे आधी विचारून घ्या.

फोनवर काय ठरवायचं

दाजीपूरला स्थानिक लोकांच्या जीप भाड्याने मिळतात आणि गाईडही आसपासच्या वाड्यांतलेच असतात. आतला रस्ता जांभ्या दगडाचा, उंचसखल. आपली छोटी गाडी त्यावर घालू नका. पहिल्याच चढावर दगड तेलाच्या टाकीला लागतो आणि तिथे मेकॅनिक नाही. गाडी नाक्याबाहेर ठेवायची, आत जीपनेच जायचं.

आदल्या दिवशी फोन करताना या गोष्टी एकेक करून विचारा आणि कागदावर लिहून घ्या. फाटक किती वाजता उघडतं आणि आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी? जीपचं भाडं गाडीमागे आहे की माणशी? त्यात प्रवेश फी, गाडीची फी, गाईड आणि कॅमेऱ्याची फी धरली आहे का? कारण या चार गोष्टींचे पैसे साधारणपणे वेगवेगळे पडतात, आणि फाटकावर पहाटे त्यावरून वाद घालण्यात जी वीस मिनिटं जातात तीच दिवसातली सगळ्यांत मोलाची असतात. गाडी उघडी आहे की बंद? बंद बोलेरो किंवा ट्रॅक्समध्ये मधल्या माणसाला पुढच्याची मान आणि शेजाऱ्याचा खांदा यापलीकडे काही दिसत नाही. अशा गाडीत ड्रायव्हर-गाईड सोडून चारच माणसं बसवा, फार तर सहा. दहा जण असाल तर दोन जीप सांगा. 'बसतील हो सगळे' असं पलीकडून ऐकू आलं तरी दोनच सांगा.

आणि शेवटचा, सगळ्यांत कामाचा मुद्दा. ड्रायव्हरला सवय असते ती सगळी ठिकाणं भराभर दाखवून परत यायची. लोक तेच मागतात: मठ बघितला, सडा बघितला, टॉवर बघितला, चला. शिवाय दुसरी फेरी मिळवायची त्यालाही घाई असते. म्हणून भाडं ठरवतानाच सांगा, 'आम्हाला फिरायचं कमी, थांबायचं जास्त. तासभर जादा लागला तर त्याचे पैसे वेगळे देऊ.' एवढं वाक्य बोललात की सकाळी ड्रायव्हर घड्याळाकडे बघत नाही.

पैसे रोख न्या, तेही सुट्टे. माथ्यावर मोबाइलची रेंज येते-जाते, क्यूआर कोडच्या भरवशावर राहू नका. प्रत्येकाचं ओळखपत्र खिशात असू द्या.

वेळेचा हिशेब उलटा

हिशेब फाटकापासून मागे मोजत यायचा. समजा फाटक सहाला उघडतं. पावणेसहाला नोंदणीच्या खिडकीपाशी उभं राहायचं, म्हणजे साडेपाचला दाजीपूरला पोचायचं. फोंडा गाव पावणेपाचला सोडायचं, कणकवली सव्वाचारला, आणि मालवणहून निघायचं तीन वाजता. देवगडकरांना कणकवलीत यायची गरज नाही. देवगड-निपाणी रस्ता नांदगाव तिठ्यावरून फोंड्याला आणि तिथून सरळ घाटात जातो. ते सव्वातीनला निघाले तरी चालतं.

तीनला निघायचं म्हणजे अडीचला उठणं, आणि दहा माणसांच्या घरात त्याचं सव्वातीन होतं हे गृहीत धरा. आंघोळी रात्रीच उरका. गाडीत डिझेल-पेट्रोल आदल्या संध्याकाळी भरा, हवा तेव्हाच तपासा. उशीर झाला तर तो घाटात वेग वाढवून भरून काढायचा नाही. अर्धा तास उशिरा आत गेलात तर पुढे गेलेल्या जीपांची धूळ आणि आवाज यांच्या मागून जावं लागतं, एवढंच नुकसान.

गाडी चालवणाऱ्याचा वेगळा विचार करा. अडीचला उठलेला माणूस संध्याकाळी परत घाट उतरवणार आहे. शक्यतो दोन चालक हवेत. एकच असेल तर दुपारी जेवणानंतर त्याला दीड तास झोपू द्या, आणि बाकीच्यांनी तेवढा वेळ त्याच्या कानाशी गप्पा मारू नयेत.

घाट

पहाटेच्या घाटात समोरून येतात ते भाजीचे टेम्पो आणि दुधाच्या गाड्या. कोकणाची भाजी घाटावरून उतरते आणि तिला बाजार गाठायचा असतो, त्यामुळे उतारावरही त्या वेगात असतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, पण तो समोरचा पाळेल असं धरून वळण घेऊ नका. वळणावर दिवा वरखाली करा, हॉर्न एकदाच द्या. थंडीत वरच्या टप्प्यात धुकं असतं. तेव्हा डिपर खाली ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो आणि पांढरी भिंत उभी राहते.

गाडी लागणाऱ्यांसाठी: रिकाम्या पोटी बसवू नका, तेलकटही देऊ नका. सुकी चपाती किंवा दोन बिस्किटं पुरेत. पुढच्या सीटवर बसवा, मोबाइल काढून घ्या, नजर लांब रस्त्यावर. काहींना आल्याचा तुकडा किंवा आवळासुपारी पुरते. ॲव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि ती घाटाच्या पायथ्याशी नाही, निघण्याआधी तासभर. तिने झोप येते, हे लक्षात ठेवा. गोळी घेतलेला माणूस घाट सुखाने चढतो आणि सफारीत डुलक्या काढतो. पाच वर्षांखालच्या मुलांना या सहलीला आणूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. अडीचचं उठणं, घाट आणि नंतर तीन तास गप्प बसणं, हे त्यांच्याकडून मागणं बरोबर नाही.

सोबत काय

कपडे मातकट, खाकी, शेवाळी. पांढरा, लाल, पिवळा नको. किनाऱ्यावरचा माणूस थंडीला कमी लेखतो. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जीपमध्ये सहा वाजता कानटोपी आणि जाड जाकीट लागतंच, आणि नऊला ते काढून ठेवायला पिशवीही लागते. पायांत बूट आणि लांब मोजे, चप्पल नाही.

वास हा मोठा मुद्दा. गव्याचं नाक तीक्ष्ण असतं. अत्तर, सेंट, वासाचं तेल लावून येऊ नका. मार्चमध्ये घरोघरी सुरंगीचे वळेसर माळतात, तो मोह त्या दिवशी आवरा. उग्र वासाने आग्यामोहोळाच्या माश्या खवळतात, हे दुसरं कारण. आणि डब्यात सुक्या मासळीचं काही नको. घावणे किंवा आंबोळ्या आणि सुकी चटणी न्या, ती गाईड सांगेल तिथेच खायची. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी स्टीलच्या बाटल्या, माणशी दीड लिटर पाणी.

दुर्बीण असेल तर ८ बाय ४२ ची. जास्त पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि दाट सावलीत अंधार दाखवते. चौघांत एक दुर्बीण असेल तर भांडणं होतात, दोन हव्यात. कॅमेऱ्याला ३०० मिलिमीटरची लेन्स पुरते, इथे जनावर दिसलं तर फार लांब नसतं; कमी असतो तो उजेड. पहाटे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, १६०० ते ३२०० ठेवायला घाबरू नका, दाणेदार फोटो हललेल्या फोटोपेक्षा बरा. लेन्स टेकवायला उशी घरी करता येते: जुन्या लेंग्याचा वीतभर पाय कापा, एक टोक शिवा, पाऊण किलो तांदूळ भरा, दुसरं टोक शिवा. जीपच्या दांडीवर ती उशी, तिच्या खाचेत लेन्स. ड्रायव्हरने इंजिन बंद केल्याशिवाय तिचाही उपयोग नाही, कारण डिझेल इंजिनाची थरथर तांदळातून वर येते. फ्लॅश बंद, कॅमेऱ्याची टिकटिक बंद. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी झूम करू नये, मागाहून कापून घ्यावा.

आत जाण्यापूर्वी सगळ्यांनी शौचालयाला जाऊन या. आत तीन तास सोय नाही, आणि वाटेत उतरू देत नाहीत ते योग्यच आहे. मधुमेह असणाऱ्यांनी खिशात बिस्किटं ठेवावीत. कंबरदुखी असणाऱ्याला मागच्या बाकावर बसवू नका. मागच्या चाकाचा प्रत्येक दणका त्या बाकावर दुप्पट होऊन येतो. मधली किंवा पुढची जागा त्याची.

जीप आली की चढण्याआधी एक मिनिट बघून घ्या: स्टेपनी आणि जॅक आहे का, खिडक्यांच्या काचा सरकतात का, दार आतून उघडतं का. काच अडकली असेल तर तिथेच सोडवून घ्या. काचेतून काढलेला फोटो आणि काचेतून ऐकलेलं जंगल, दोन्ही वाया.

फाटकाच्या आत

'आज दिसेल का हो?' असं गाईडला विचारू नका. त्याला 'बघूया' यापलीकडे उत्तर नसतं. 'मामा, काल संध्याकाळी कुठल्या अंगाला होते?' असं विचारा. त्याने सांगितलं की आधी तिकडे. सावराईचा सडा, हडक्याची सरी, गगनगिरी महाराजांचा मठ ही नेहमीच्या फेरीतली ठिकाणं. पहाटेचा उजेड कोवळा असताना सडा आधी घ्या, मठ मागाहून. मठ कुठे जात नाही. शिवगडाच्या कड्यावरून खाली कोकण दिसतं, पण ती वाट पायी आणि वेळखाऊ आहे. गाईड सोबत असेल आणि परवानगी असेल तरच, तेही उन्हं वर आल्यावर.

बोलायचं कुजबुजत. दिशा दाखवायला हात बाहेर काढून बोट नाचवू नका. जीपचं तोंड म्हणजे बारा वाजले असं धरायचं आणि 'दोन वाजता, ऐनाच्या बुंध्याशी' असं सांगायचं. थांबवायचं असेल तर ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावा. 'थांबा थांबा' असं ओरडून आजवर कुणाला जनावर नीट दिसलेलं नाही.

पाणवठ्यावर पोचलात की इंजिन बंद, आणि निदान वीस मिनिटं तिथेच. पहिली पाच मिनिटं काही घडत नाही. गाडीच्या आवाजाने सगळं दबलेलं असतं. मग पाखरं बोलू लागतात. दहाव्या मिनिटाला शेकरू फांद्यांवरून जाताना दिसेल, रानकोंबडा खाली उकरताना ऐकू येईल. बाराव्या-पंधराव्या मिनिटाला जीपमधला कुणीतरी कंटाळून 'चला' म्हणतो. त्याच्यासाठी सकाळीच कबूल करून घ्या की थांबायचं ठरवणार गाईड.

या रानात डोळ्यांआधी कान लावायचे असतात. कुत्र्यासारखं एकेक भुंकणं, थांबून थांबून, ते भेकर. 'ढांक' असा धातूसारखा आवाज सांबराचा. वानर फांदीवर बसून खाकरल्यासारखं खेकसू लागलं आणि त्याची नजर एकाच दिशेला असेल तर त्या दिशेला बिबट्या असण्याची शक्यता मोठी. एकट्या भेकराचं भुंकणं कधी कधी तुमच्यासाठीच असतं. वानर आणि सांबर दोघं एकाच वेळी ओरडले तर मात्र जीप जागची हलवू नका.

खाली रस्त्यावरही वाचायला बरंच असतं. गव्याचं शेण म्हशीच्या पोसारखंच, थर थर बसलेलं. वर ओली चकाकी आणि माश्या असतील तर कळप तासाभरात गेला आहे. वर साय धरल्यासारखी पापडी आली असेल तर ते रात्रीचं. किड्यांनी पोखरून भुसभुशीत झालं असेल तर सोडून द्या. खुरांचे ठसे धुळीत दिसले तर त्यांच्यावर दव पडलंय का बघा. ठशाच्या आत दवाचे थेंब फुटून खळगे पडलेले असतील तर तो पहाटेच्या आधीचा, कडा कोरड्या आणि धारदार असतील तर उजाडल्यानंतरचा. गाईडला हे विचारत गेलात की तोही खुलतो, कारण लोक त्याला सहसा हे विचारत नाहीत.

गवा शोधताना काळं धूड शोधू नका. सावलीत काळं धूड दिसतच नाही. गुडघ्याच्या उंचीवर पांढरं काही दिसतंय का ते बघा. गव्याचे चारही पाय गुडघ्यापासून खाली पांढरट, जणू मोजे घातलेले. अंधाऱ्या कारवीत आधी ते दोन-तीन मोजे दिसतात, मग कान हलतो, मग कपाळावरचा राखाडी पट्टा, आणि मग अचानक कळतं की गेली पाच मिनिटं आपण अख्ख्या जनावराकडेच बघत होतो. माद्या आणि तरुण गवे तपकिरी, वाढलेला नर काळा कुळकुळीत. नुकत्या जन्मलेल्या वासराला मोजे नसतात, ते सोनेरी-तांबूस असतं. कळपाची पुढारी सहसा वयस्क मादी असते. एक रस्ता ओलांडून गेली म्हणजे संपलं नाही, मागे आणखी असतात.

कळपापेक्षा एकट्या नराला जास्त जपून असावं. तो मान वर करून टक लावून बघतोय, तोवर ठीक. नाकातून 'फुस्स' केलं की त्याला आपण कळलोय. त्याने आडवं होऊन कुशी दाखवली, पाठीचा उंचवटा ताठ केला, म्हणजे तो स्वतःचा आकार दाखवतोय. तेव्हा हळू मागे सरायला लागायचं. डोकं खाली घालून शिंगं रोखली तर मागे घेण्याची वेळ उलटून चालली आहे. म्हणून ड्रायव्हरने कळपाजवळ थांबताना गाडी अशी लावावी की मागे जायला वाट मोकळी राहील. कळप आणि पाणी यांच्या मध्ये, किंवा मादी आणि वासरू यांच्या मध्ये जीप कधीही घालू नये. कुणी 'अजून थोडी पुढे घ्या' म्हणालं आणि ड्रायव्हर नाही म्हणाला, तर ड्रायव्हरचं ऐका. हॉर्न, शिट्टी, दगड, यांतलं काहीही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गवा पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला छेडणं हा गुन्हाच आहे.

तीन तासांत काहीच नाही दिसलं तर? असं होतं, आणि बऱ्याचदा होतं. तेव्हा वर बघा. तुरेवाला सर्पगरुड वाळक्या फांदीवर बसलेला असतो, धनेश जोडीने उडतात, हरियल फळलेल्या उंबरावर पानांत मिसळून बसतात. ओढ्याच्या बाजूला सकाळी कुणी माणूस शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर.

दुपार

जेवण सकाळी आत जातानाच सांगून ठेवा, किती माणसं, शाकाहारी किती. बाहेर आल्यावर सांगितलं तर चूल पेटण्यापासून सुरुवात होते आणि दीड तास जातो. खोबऱ्यावर वाढलेल्यांनी 'तिखट कमी' हे दोनदा सांगावं. घाटावरचं कमी म्हणजे आपलं भरपूर.

जेवण, चालकाची झोप, आणि मग ज्यांना हौस आहे त्यांनी राधानगरी धरण. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे भोगावतीवरचं धरण, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे बघण्यासारखे आहेत. पण दाजीपूरहून ते तीसेक किलोमीटर पुढे, घराच्या उलट दिशेला. जाऊन-येऊन दोन तास मोडतात. त्यापेक्षा दुपारची दुसरी फेरी मिळत असेल तर ती घ्यावी, मात्र ती संपून अंधारात घाट उतरावा लागणार नाही याची खात्री करून.

रत्नागिरी-संगमेश्वरकडच्यांना दाजीपूर लांब पडतं. त्यांना आंबा घाटाने चांदोली आहे, जी कोयनेसह २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पण फाटक वारणा धरणाच्या बाजूला, म्हणजे बराच वळसा. ते एका दिवसात रेटू नका, रात्रीचा मुक्काम धरा.

उतरताना

साडेचार-पाचला दाजीपूर सोडा. संधिप्रकाशात गवे रस्त्यावर येतात आणि काळ्या डांबरावर काळं जनावर दिव्याच्या झोतातही उशिरा दिसतं. ताशी तीस-चाळीसच्या वर जाऊ नका. गवा समोर आला तर गाडी थांबवा, डिपर खाली, हॉर्न नाही, इंजिन चालू. एक ओलांडून गेला की दोन मिनिटं थांबून मगच निघा. मोटारसायकलवाल्यांनी एखाद्या चारचाकीच्या मागे राहून उतरावं.

घरी पोचल्यावर जेवणाआधी आंघोळ. बूट-मोजे घराबाहेर काढा, कपडे थेट गरम पाण्यात. काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांत, कानांमागे गोचीड आहे का ते दुसऱ्याकडून बघून घ्या. पिसवेएवढी बारीकही असते. चिकटलेली असेल तर तेल, चुना, काडीपेटी काही नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, बोटांनी चिरडू नका, मग साबणाने जागा धुवा. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतूनच पसरतो. पुढच्या आठवडा-दहा दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर घरचा काढा घेत बसू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि अमुक तारखेला जंगलात गेलो होतो, हे डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगा.